तिरक्या कापडाची नदी

प्रिय टिल्ले,

एकाच घरात राहून पत्र लिहिते म्हणून हसू नकोस. तोंडाने बोलायला गेले की तू मध्येच चार प्रश्न विचारतेस आणि मी काय सांगत होते तेच विसरते. कागद गप्प बसतो, एवढा एकच गुण त्याच्यात.

तुझा हा घरबसल्या मास्तरीण व्हायचा कोर्स मला आधी थोतांडच वाटला होता. चौघी चार गावांत, आणि चौघींनी मिळून म्हणे एक नदी करायची! पुठ्ठ्याचे डोंगर, रिळांच्या कप्प्या आणि निळं कापड. तू दांडा फिरवलास की कापड कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या तुझ्या चौकटीतून बाहेर जाणार आणि शेजारच्या चौकटीत, त्या चष्मेवालीच्या घरी शिरणार. मुलांना पाणी कसं फिरतं ते असं कळतं म्हणे. मी म्हटलं, एवढ्या घोड्या झाल्या तरी भातुकली सुटली नाही. पण तुम्ही कापड सरळ कापलंत, आणि तुमची नदी खळ घातलेल्या चादरीसारखी ताठ उभी राहिली. मग मला राहवेना. चौघींचे तुकडे मीच उरेब, म्हणजे तिरके कापले आणि बाकी तिघींचे तुला पोस्टाने पाठवायला लावले. जन्मभर शिवणयंत्र चालवलंय, तेवढं कळतं. पाणी वाहायला लागलं. चष्मेवाली टाळ्या पिटत ओरडली, आजी, आता तुम्ही आमच्या ग्रुपमध्ये! मी फुशारले, खोटं कशाला बोलू.

काल सरावाला तुमच्या बाई आल्या. पडदाभर चेहरा. गोड आवाजात म्हणाल्या, आजी, कापड तिरकंच का कापलं, सांगा बरं. मी दूध उतू जातंय म्हणून उठले ती न्हाणीघरात कडी लावून बसले. गॅसवर दूध नव्हतं, ते तू पाहिलंस. चिडलीस, तेही बरोबर. जिने केलं तिनेच सांगायचं, नाहीतर चौघींचे मार्क जाणार, असा तुमचा नियम. शुक्रवारी बाईंसमोर खरी परीक्षा, तिच्या धास्तीने कालपासून ताट तसंच परत पाठवतेय. तुझी आई मला डॉक्टरकडे न्यायला निघाली होती, तिला हाकललं.

वडिलांनी मला दुसरीतच शाळेतून काढलं, असं मी साठ वर्षं सांगत आले. त्या बिचाऱ्यांनी काही काढलं नाही. बाईंनी वर्गात उभं करून प्रश्न विचारला. उत्तर येत होतं, पण आवाज फुटेना. त्या नुसत्या बघत थांबल्या. उभ्या उभ्या माझा फ्रॉक ओला झाला. सगळा वर्ग हसला, बाईसुद्धा. मग मी गेलेच नाही. वडील न्यायला लागले की दाराला मिठी मारायची. तुझ्या आजोबांनाही हे कधी कळलं नाही. काल तो चेहरा उत्तरासाठी थांबला, आणि मी न्हाणीघर गाठलं.

म्हणून लिहिते. शुक्रवारी बाईंना म्हणावं, प्रश्न माझी नात विचारेल. तू विचार, भाजी निवडताना विचारतेस तसं. उत्तर येतं मला: सरळ कापलेलं कापड अडून बसतं, तिरकं लवतं. एवढं बोलता येईल बहुतेक. नाहीच आलं, तर माझ्याकडे बघत थांबू नकोस, लगेच दुसरं काहीतरी बोल. आणि तुझी खुर्ची माझ्या खुर्चीला चिकटून ठेव.

तुझीच, घाबरलेली,
आजी