कुरुमिझावा वळणावरच्या उताराची व्यवस्था

तीन नोव्हेंबरनंतर कुरुमिझावा वळणावर वाफेची गाडी येणार नाही, हे स्टेशनमास्तरांनी सोमवारी मला दूरध्वनीवर सांगितले. त्या गाडीनंतर मीही फार दिवस असणार नाही, हे डॉक्टर मिसुमी यांनी मंगळवारी मी दोनदा विचारल्यावर मान्य केले. म्हणून आज लिहायला बसलो आहे.

मी, इसाओ तोगानो, वय वर्षे एक्याऐंशी, वृत्तपत्राचा निवृत्त छायाचित्रकार, पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणून पाहणाऱ्या गृहस्थाचे नाव पुढे येईलच.

एक. राहते घर व बँकेतली शिल्लक माझी भाची चिझुरू हिला द्यावी. तिला रेल्वेचा मनापासून कंटाळा आहे. माझ्या नात्यातली ही एकमेव समंजस व्यक्ती.

दोन. दोन्ही कॅमेरे, सर्व भिंगे व ॲल्युमिनियमची शिडी शहरातल्या जुन्या मालाच्या दुकानात विकावी. वळणावर जमणाऱ्या छायाचित्र मंडळाच्या कोणाही सभासदाला यातले एक झाकणसुद्धा देऊ नये.

तीन. माझ्याकडे सुमारे एकेचाळीस हजार निगेटिव्ह आहेत. त्यांतली अकरा चांगली आहेत. ती निळ्या डब्यात आहेत आणि चिझुरूने ठेवावीत. बाकीच्यांत गाडी आहे, एवढेच. ती कचऱ्यात टाकावीत. कोणत्या वाराच्या कचऱ्यात, हे आधी नगरपालिकेला विचारून घ्यावे. शेजारच्या बाई पिशव्या उघडून तपासतात.

चार. आता उताराविषयी. वळणाच्या आतल्या बाजूचा, रुळांकडे उतरणारा तीनशे त्सुबोंचा, म्हणजे सुमारे पाव एकराचा, तुकडा माझ्या नावावर आहे. इथून इंजिन, त्याचा धूर, पाचही डबे आणि मागचा डोंगर एका चौकटीत बसतात. त्यामुळे दर शरद ऋतूत ऐंशी माणसे इथे तीन दिवस आधी तिपाया रोवून, त्यांना नावाच्या फिती बांधून जागा अडवतात. मग ऐंशी जण एकाच जागेवरून, एकाच क्षणी, एकच फोटो काढतात आणि कोणाचा चांगला यावर वर्षभर भांडतात. चुकून कोणी चौकटीत आले, तर त्याच्या वयाचा विचार न करता ओरडतात. यांच्यात मी चाळीस वर्षे काढली. पहिली रांग माझी होती, हे मी त्या काळी अभिमानाने सांगत असे.

मंडळाचे अध्यक्ष मिनेगिशी गेल्या महिन्यात योकानच्या गोड वड्यांचा डबा घेऊन आले. आधी तब्येतीची चौकशी झाली, मग डोळे उताराकडे गेले. मंडळाला तिथे लाकडी मंच बांधायचा आहे आणि त्याला माझे नाव द्यायचे आहे. गाडी बंद होणार असेल तर मंच कशाला, असे मी विचारले.

"डिझेलची येतेच की, तोगानोसान. आणि वळण कुठे जातंय?" मिनेगिशी म्हणाले.

योकान मी खाल्ले. जमीन त्यांना मिळणार नाही.

पाच. हे कलम चिझुरूने वगळू नये.

उताराच्या वरच्या कडेला फुसाए कुरामोची या विधवा बाईंचे काकीचे, त्या गोड नारिंगी फळाचे, झाड होते. त्यांच्या सासऱ्यांनी लावलेले. दर वर्षी त्या फळे सोलून छपराखाली वाळत टाकत आणि त्यावर त्यांचा हिवाळा निघत असे. त्या झाडाची एक फांदी आमच्या चौकटीत तिसऱ्या डब्यावर येई. मंडळाच्या सभेत "फांदी नडते" हे वाक्य प्रथम मी उच्चारले. सात वर्षांपूर्वी, ऑक्टोबरातल्या एका पहाटे, मिनेगिशी व मी तिथे गेलो. फांदीपासून सुरुवात केली आणि बुंध्यापाशी थांबलो. कापले त्यांनी. करवत माझी होती, शिडी मी धरली होती.

दुसऱ्या दिवशी फुसाएसान मला उतारावर भेटल्या. "ओ फोटोवाले, तुम्ही इथे दिवसभर डोळे लावून असता. माझं झाड कोणी कापलं, काही दिसलं नाही?"

"मी गाडीकडे बघत होतो," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. माझ्यासारख्याकडून त्यांना याहून जास्त अपेक्षा नव्हती.

त्या रविवारी ऐंशी कॅमेरे सज्ज होते. चौकट स्वच्छ होती. इंजिन वळणावर आले ते घासून ठेवलेल्या पातेल्यासारखे. धुराचा एक धागा नाही. सगळा काळा धूर पुढच्या बोगद्यात निघाला आणि प्रवासी खोकत घरी गेले. मिनेगिशींनी रेल्वेकडे तक्रार लिहिली की कोळसेवाला कामचुकार आहे.

कोळसेवाला होता ओरिकासा. तो आता निवृत्त आहे आणि खाली साक्षीदार म्हणून सही करतो आहे. पुढे त्याने मला साकेच्या दुकानात सगळे सांगितले. "आमच्या वस्तादांनी शिकवलेलं: काकीचं झाड दिसलं की दोन फावडी जास्त. म्हणजे वळणावर बरोबर धूर. आता झाडच नाही, तर मी काय देवाला विचारून टाकू?"

म्हणजे ज्या फोटोसाठी आम्ही ते झाड कापले, त्यातला धूर त्या झाडामुळेच होता. एवढी अक्कल ऐंशी जणांत मिळून नव्हती. मंडळाने नंतर त्या जागी कोळसेवाल्याला खूण म्हणून लाल रंगाचा प्लॅस्टिकचा खांब सुचवला. ठराव एकमताने मंजूर झाला. माझाही हात वर होता.

सहा. संपूर्ण उतार फुसाए कुरामोची यांना द्यावा. अट कोणतीही नाही. त्यांनी तिथे काकीची झाडे लावली तर आठ-दहा वर्षांत वळण दिसेनासे होईल. ही माझी सूचना समजावी. त्यांनी जमीन नाकारली, तर ती गावाच्या वनसंस्थेकडे जावी. मंडळाकडे कोणत्याही मार्गाने जाऊ नये.

सात. अंत्यविधीला मंडळाचे लोक येतीलच. यावे. कॅमेरे बाहेर ठेवावेत आणि पुढच्या रांगेसाठी ढकलाढकली करू नये.

आठ. साक्षीदारांना काही देता येत नाही, म्हणून ओरिकासाला काही ठेवलेले नाही. कलम पाच वाचून तो मला म्हणाला, "हे फुसाएला तुम्ही मेल्यावरच कळू द्या ना. तेव्हा ती शिव्या कोणाला देणार?"

"म्हणूनच," मी म्हणालो.

उद्या सकाळी दहा वाजता मी फुसाएसानच्या घरी जाऊन कलम पाच मोठ्याने वाचणार आहे. ओरिकासा सोबत येईल. चढावर मला धरायला, आणि मी अर्ध्यातून वळलो तर परत फिरवायला. फुसाएसान दार उघडतील, कारण त्या कोणालाही उघडतात. रीतीप्रमाणे आधी चहाचे पाणी ठेवतील. माझे वाचून होईपर्यंत ते उकळेल. तो चहा मला मिळेल, अशी अपेक्षा नाही.

स्थळ: कुरुमिझावा
दिनांक: रेइवा सहा (२०२४), २४ ऑक्टोबर, गुरुवार

इसाओ तोगानो (सही व शिक्का)

समक्ष सही करणारे:
१. तेत्सुरो ओरिकासा, निवृत्त कोळसेवाला
२. कायो शिओमी, पोस्टमास्तर, कुरुमिझावा