एक दिवस बर्फाला हात लावायचा नाही

प्रिय क्लोव्हिस,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते आधी उजेडात धरून बघितलं असशील, आत वकिलाचा कागद तर नाही ना म्हणून. नाहीये. फोन केला असता, पण फोनवर आपण एकतर हवापाण्यावर बोलतो नाहीतर भांडतो, आणि मला जे सांगायचंय ते या दोन्हींत बसत नाही. ईस्टरला येऊन तू पायरीवरच उभा राहिलास आणि विचारलंस, "ओडील, घर विकून दोघं मोकळे होऊ या का? उन्हाळा सरेपर्यंत काय ते सांग." उन्हाळा सरत आला. तुझं उत्तर याच पत्रात आहे, पण सरळ मुद्द्यावर येणं मला कधी जमलंय? तेवढं सोस.

तर झालं असं, की आपलं बर्फाचं मशीन बंद पडलं, तेही ऐन ऑगस्टात. तू घर सोडून गेल्यापासून ते रात्रंदिवस घरघरतच होतं, आणि एका दुपारी गरम होऊन गप्प झालं. गावातल्या दुकानातून एक तरणा पोरगा आला. त्याने वाकूनसुद्धा बघितलं नाही. पाठीला हात लावला, चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि म्हणाला, "मिस ओडील, याने राम म्हटला. नवीन घ्या, उद्या आणून बसवतो." घामाने मी अशी काही वैतागले होते की हो म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तू कानाशी बोललास. शपथ घेऊन सांगते, अगदी तुझाच तो चिरका आवाज: "एक जण म्हणाला म्हणजे झालं का? दुसऱ्याला विचार."

या दुसऱ्याला विचारण्याने तू माझं आयुष्यभर डोकं उठवलंस. वादळात छप्पर उडालं तेव्हा सगळ्या गल्लीने ताडपत्र्या काढल्या तरी आपली तशीच होती, कारण तुझा दुसरा सुतार यायचा होता. आपल्या नोएलीच्या दाताला तार लावायची तर तू पोरीला घेऊन दोन गावं फिरलास. ती अजून सांगते, ह्यूस्टनच्या मैत्रिणींना हसवते त्यावरून. मी मात्र तेव्हा हसले नाही. चिडायचेच. आणि आता तू नाहीस तर तुझी ती खोड माझ्याच अंगात शिरली. पोराला म्हटलं, "थांब बाळा, आमच्याकडे असं लगेच होत नाही."

मशीन आणलंस तो दिवस मला आठवतो. तोवर संध्याकाळी पेट्रोल पंपावर जाऊन बर्फाच्या पिशव्या आणणं हे तुझं काम होऊन बसलं होतं. "तुला नवरा नकोच होता, बर्फवाला हवा होता," असं तू सगळ्यांसमोर म्हणायचास. मग एकदा क्रॉफिश झिंग्यांचा हंडा चुलीवर चढलेला, तुझे भाऊ, वहिन्या सगळे मागच्या अंगणात, आणि तू ते खोकं हातगाडीवरून ढकलत आणलंस. मऊ, दाण्यादाण्याचा बर्फ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी धर्ममाता, नॅनन युला, म्हणाली, "बायकोला लोक अंगठ्या देतात, या बाबाने थंडी दिली." मी तुझ्या गालाचा मुका घेतला आणि लगेच वाटी भरून घेतली. तेव्हाच कुणाला तरी चमकायला हवं होतं. पण आपल्याकडे चमकणार कोण? तुझी आई बर्फ चावायची, नॅनन चावते, चर्चमध्ये मागच्या बाकावर निम्म्या बायकांच्या हातात पेला असतो. या उकाड्यात बर्फ खाणाऱ्याला कोण विचारतंय.

तुला मात्र तो आवाज सहन होईना. मी प्रार्थनेत चावायचे, गाडीत चावायचे, अंथरुणात पडल्यापडल्या चावायचे. "दात आहेत की खडी फोडायचा कारखाना?" आधी तू हसत म्हणायचास, मग हसणं गेलं. पण खरं सांगू? आपण नुसते बर्फावरून नाही तुटलो. शनिवारी नाचायला जायचं तू म्हणायचास आणि मी खुर्चीतून उठायचे नाही. तू शर्ट बदलून, केस बसवून दारात उभा, आणि मी म्हणायचे, "तू जा, माझ्यात जीव नाही." दोनदा-तीनदा तू एकटा गेलास आणि लवकर परत आलास. मग जाणंच सोडलंस. माझं मन तुझ्यावरून उडालं असं तू धरून चाललास. सगळ्यांत वाईट म्हणजे मलाही तसंच वाटू लागलं. जिना चढताना धाप लागायची, तू बोलायला आलास की अंगावर ओझं पडल्यासारखं व्हायचं, आणि मी मनाशी म्हणायचे, प्रेम संपलं की असंच होत असणार. शेवटच्या भांडणात तू म्हणालास, "या घरात माझ्यापेक्षा बर्फाला जास्त मान आहे," आणि मी म्हणाले, "बर्फाने निदान गार तरी वाटतं." तू भावाच्या दलदलीतल्या झोपडीवर राहायला गेलास. गाव म्हणालं, नक्की दुसरी कुणीतरी असणार. मी काय सांगणार होते लोकांना, नवरा बर्फापायी गेला म्हणून?

असो. दुसरा माणूस म्हणून मी हेंडरसन गावचा म्हातारा युलिस बोलावला, कोळंबीच्या बोटींवरची शीतपेटारे दुरुस्त करणारा. त्याने मशीन ओढून उलटं केलं, मागच्या जाळीतून बोचकंभर धूळ काढली, आतली नळी धुतली आणि सुरू केलं तर गडी घरघरायला लागला. मला इतका आनंद झाला की मी त्याला गम्बोचा रस्सा वाढला. भेंडी घातलेला, तुला आवडत नाही तसा. पण जेवून उठला तरी मशीनचं भांडं रिकामंच. युलिस म्हणाला, "घरात माणसं किती?" मी म्हटलं, एकटीच. "मग बर्फ जातो कुठे? कुणी चोरतंय का?" आणि स्वतःच खो खो हसला. "असं करा मिस ओडील, उद्या मी येईपर्यंत याचं दार उघडू नका. एक दिवस बर्फाला हात लावायचा नाही. भांडं भरलं तर मशीन ठणठणीत, नाही भरलं तर त्या पोराचं खरं."

किती सोपं काम, नाही का? दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनच्या दारावर चिकटपट्टी लावली, स्वतःचीच गंमत म्हणून. कॉफी घेतली, झाडांना पाणी घातलं. नंतर मला दुसरं काही सुचेना. वाचायला घेतलं तर डोळ्यांपुढे तो बर्फ. दुपारी मी घरातल्या चपलांवरच गाडी काढून पंपावर गेले, पिशवी घेतली आणि घरापर्यंत थांबवेना म्हणून तिथेच, उन्हात, गाडीत बसून खाऊ लागले. पिशवी मांडीवर, झगा ओला, दोन्ही हातांनी खात होते. शेजारच्या गाडीतली बाई माझ्याकडे बघत होती. कीव आल्यासारखं बघत होती ती. आणि क्लोव्हिस, मी घाबरले. माणसाला आवडतं म्हणून माणूस असं खात नाही, हे मला तिथे कळलं. मी गाडी घराकडे नेलीच नाही, तशीच ओल्या झग्याने दवाखान्यात गेले.

संध्याकाळी युलिसने पट्टी काढली तर भांडं काठोकाठ भरलेलं. मशीन चांगलं निघालं. मग बिघाड कुणात होता हे सांगायला तिसऱ्या माणसाची गरज नव्हती.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण आहे. तिने मला विचारलं, "माती, कच्चं पीठ, बर्फ, असं काही खावंसं वाटतं का?" मी रडायलाच लागले. माझ्या रक्तात लोह जवळजवळ उरलंच नव्हतं. ते कमी झालं की काहींना बर्फाची अशी ओढ लागते म्हणे, आणि धाप, चिडचिड, खुर्चीतून न उठवणं, सगळं त्याचंच. तिने शिरेतून लोह दिलं. काही दिवसांनी मी गार चहाचा पेला घेऊन बसले, तर आतला बर्फ सगळा वितळून गेला तरी मला कळलं नाही. मुद्दाम एक तुकडा तोंडात टाकला. नुसतं थंडगार पाणी, दुसरं काही नाही. मी तो मोरीत थुंकले आणि तिथेच ओट्याला धरून रडले. परवा जिना चढून गेले आणि वर पोहोचल्यावर लक्षात आलं की मध्ये थांबलेच नाही. मग आधी तू आठवलास. दारात, इस्त्रीच्या शर्टात. मन उडालं नव्हतं रे. रक्त कमी होतं. एवढंच. आणि तू छपराला दोघांना विचारणारा माणूस, मी तुझ्यावर चिडणारी, आपण दोघांनी या एका गोष्टीसाठी एकालाही विचारलं नाही. ते शनिवार आता कुठून आणायचे?

आता राहिलेलं सांगते. रक्त जात कुठे होतं ते त्यांनी शोधलं. मोठ्या आतड्यात गाठ आहे, चांगली नाही. इथला सर्जन म्हणतो, लगेच कापू, बरंचसं आतडं काढावं लागेल. मी मान हलवून आले. बाहेर आल्यावर कळलं की त्याचं पहिलं वाक्य सोडून मी काहीच ऐकलं नव्हतं. नोएलीला अजून सांगितलेलं नाही, तुला आधी सांगायचं होतं. येत्या गुरुवारी लाफायेतला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतलीय. माझ्या शेजारी बसून जरा तू विचार, अगदी त्यांना नकोसं होईपर्यंत विचार. मी या वेळी चिडणार नाही. आणि घराचं म्हणशील तर नको विकूस, मला त्यात राहायचंय, तुझ्याबरोबर, जेवढं काही मिळेल तेवढं. गुरुवारी ये. जमलं तर बुधवारीच ये.

तुझीच,
ओडील