आसेगावची कर्दळ

मानोरा,
१६ सप्टेंबर १९७९

चि. भागिरथा हिस,

सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. माझा खोकला बरा आहे. तूर बरी दिसते. तिकडे विलायतेत थंडी पडू लागली असेल, अंगावर गरम काही घालत जा.

तुझं काम मी माझ्या मास्तरी डोक्याने समजून घेतलं. पानातल्या हिरव्या कणांचा डीएनए कापला की पट्ट्या उमटतात, आणि दिसायला सारखी झाडं एकाच वाणाची की वेगळी, ते कळतं. ग्यानबामामाची कर्दळ आणि तुझ्या आईची कर्दळ मुळात एकच, म्हणून पट्ट्या जुळायला हव्या होत्या. तीनदा करूनही जुळल्या नाहीत. तुझे साहेब म्हणतात, तूच नमुन्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केलीस. आता तुझ्या सगळ्याच कामावर त्यांना शंका. तू रडलीस हे वाचलं आणि जेवणाच्या ताटावरून उठलो.

भागी, तू चुकली नाहीस.

तुझी आई लग्नात आसेगावहून, ग्यानबाच्या घरच्या कर्दळीचा कंद घेऊन आली होती. शेवटच्या दुखण्यात मला म्हणाली, "माह्या माहेरची हाय थे. मले इसरले तरी चालन, पन तिले पानी टाकत जाजा." तिला विसरलो नाही. पाणी मात्र विसरलो. ती गेल्यावर अख्खा उन्हाळा मागच्या अंगणात पाऊल टाकवलं नाही. कर्दळ वाळून गेली.

तेवढ्यात तुझं नागपूरहून पत्र: आईची कर्दळ पाहायला दिवाळीत येते. मी विश्रामगृहाच्या माळ्याकडून तसाच कंद आणला. पिवळ्यावर तांबडे ठिपके, उंचीही तीच. तू आलीस, पानांवरून हात फिरवलास आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी रडलीस. तेव्हा माझं तोंड उघडलं नाही. पुढे तुझ्या विलायतेच्या ट्रंकेत मामाच्या कंदाशेजारी तोच माळ्याचा कंद बांधून दिला, तेव्हाही नाही.

हे पत्र साहेबांना इंग्रजीत नीट समजावून सांग. "माझा बाप खोटं बोलला," असंच सांग. लाजू नकोस. आणि मामाच्या कंदाच्या कुंडीवर आईचं नाव लिही. ती कर्दळ तिची आहे.

बुधवारीच आसेगावला जाऊन ग्यानबालाही सगळं सांगितलं. तो कुदळ घेऊन उठला, आपल्या कर्दळीचा एक कंद काढून दिला. कंद जुन्या जागी लावलाय. अजून कोंब नाही. रोज सकाळी माती चाचपून पाहतो.

घर फार मोठं वाटतं गं. रागावायला का होईना, एकदा ये. तोवर पाणी घालतोय.

तुझा,
बाबा