बॅगेतलं हमीपत्र

१२ मे, सोम.
मोईनभाईच्या झेरॉक्सवर नोट्सचा गठ्ठा टाकला. मशीनवर अमरीकसिंग. एकेक पान लावता लावता थांबला. "सर, हा बाण उलटा." वळणावर गाडी जोरात असली की घर्षण उताराच्या खालच्या बाजूला ओढतं. मी बाण वर काढलेला. अठरा वर्षं वर. अठरा बॅचेस त्या बाणावर पास होऊन गेल्या, त्यातले काही पूल बांधून राहिलेत.
मोईनभाई खुर्चीतून, "सर, आमचा माणूस झेरॉक्स करत न्हाई, पेपर तपासतो."
आमचा माणूस. त्याला इथं चिकटवला कोणी? मी. काबूलहून बायको-लेकीला घेऊन निसटला, दिल्ली, मग गुरुद्वाऱ्याच्या आधाराने नांदेड. तिकडं शाळेत फिजिक्स शिकवायचा. परदेशी माणसाच्या कागदांवर इथला एक हमीदार लागतो, तो मी. सही केली आणि त्याच रविवारी पेपरातल्या माझ्या सदरात शरणार्थ्यांवर हळवा मजकूर लिहून माणुसकी वटवूनही घेतली.
बाण खोडून आणला. झेरॉक्स परत.

१५ मे, गुरु.
अ. मराठी शिकायला आला. माझी शिकवणी म्हणजे नुसतं नाव. दस्ती, हप्ता, पोशाख, जमीन, दरवाजा... "सर, हे तर आमचेच शब्द." निजामाने आमच्या तोंडात ठेवलेलं सामान हा तिकडून येऊन ओळखून नेतोय. ज्ञ म्हणताना अडखळतो तेव्हा बरं वाटतं.
मग तो शेजारच्या पोराला गणित सांगत बसला, सु. दारात उभी राहून ऐकत होती. लग्नाला चोवीस वर्षं, माझा एक तास ऐकायला आली नाही. वर म्हणते, "अमरीकभाऊ किती सोपं करून सांगतात हो." कांद्याची भजी त्यालाच आधी.
मी कॉलेजात तासिका तत्त्वावर. म्हणजे दरवर्षी जूनमध्ये स्वतःच्याच जागेसाठी मुलाखत देतो, समितीत माझाच विद्यार्थी बसतो आणि विचारतो, अनुभव किती?

१९ मे, सोम.
लातूरच्या बिराजदारला फोन केला. एम.एस्सी.ला माझ्या मागच्या बाकावर बसायचा, माझ्याच जर्नलवरून उतरवायचा. आज क्लासवाला. अहमदपूरपासून उदगीरपर्यंत फ्लेक्सवर त्याचं तोंड, हाताची घडी घालून. त्याला फिजिक्सला माणूस पाहिजे.
"अरे लेका, आण की. डेमो घेऊ."
अ.साठी फोन केला हे खरंच. पण त्याला घेऊन गेलं की बिराजदारला शेजारी उभा असलेला मीही दिसेन, हे त्याहून खरं. लिहून ठेवतो. इथं कोण वाचतंय.

२२ मे, गुरु.
अ.ची तयारी घेतली. मुलाखत म्हणजे काय हे माझ्याइतकं मराठवाड्यात कोणाला माहीत नसेल. प्लॅस्टिकच्या कप्प्यांची फाईल, प्रत्येक कागदाच्या तीन साक्षांकित प्रती, आत जाताना "येऊ का सर", बसा म्हटल्याशिवाय बसायचं नाही, फळ्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.
"डिग्री कुठंय?"
"कपाटात."
"मग आण की."
"कपाट काबुलात आहे, सर."
मोबाईलवर फोटो आहे, कोपऱ्यावर कोणाचा तरी अंगठा आलेला. त्याची रंगीत प्रत काढून फाईलच्या पहिल्या कप्प्यात घातली. गरिबाची फाईल माझ्यापेक्षा जाड दिसू नये म्हणून मागे कोरे कागद घातले नाहीत. स्वतःच्या फाईलीत मी घालतो.

२६ मे, सोम.
लातूर. सकाळची एसटी. बिराजदारने फाईल उघडलीच नाही. त्याच्याकडं रीत अशी, मास्तराला थेट पोरांपुढं सोडायचं आणि मग पोरांकडून चिठ्ठ्या. नाव नाही, सही नाही.
अ. आत गेला. परवानगी नाही, येऊ का नाही. पहिल्या बाकावरच्या पोराची खिशातली दस्ती मागितली, तिच्यात डस्टर बांधला, डोक्यावर गरागरा फिरवला. "गाठ सुटली तर हा कुठं जाईल? बोला पटकन." पोरं ओरडायला लागली. काही म्हणाली बाहेर, काही म्हणाली सरळ. त्याने सोडला. डस्टर सरळ रेषेत गेला आणि भिंतीवरच्या बिराजदारच्या फोटोवर, नाकाच्या बरोबर मधे. अख्खा वर्ग उठून हसला. बिराजदारही.
मग मला म्हणे, "आलाच आहेस तर तू पण घे एक. मजा म्हणून."
मजा म्हणून घेतला. पोरांनी वह्या काढल्या, मी सांगितलं, त्यांनी लिहिलं. पंख्याचा आवाज फार येतो त्या हॉलला.
चिठ्ठ्या मी वाचायला नको होत्या. त्याच्या: हेच सर पाहिजेत. पुन्हा बोलवा. उद्यापासून पाठवा. माझ्या: सर व्यवस्थित आहेत. आवाज चांगला आहे. एकाने लिहिलं, फळा नीट पुसतात.
परत येताना अ. म्हणाला, "सर, तुमचा फळा छान." बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल.

२८ मे, बुध.
बिराजदारचा फोन. अ. पक्का. सोमवार ९ जूनपासून बॅच. फ्लेक्सचं डिझाईनही तयार, वर ठळक: थेट काबूलहून लातुरात. अ.ने फोटो नको म्हणून सांगितलं, तिकडं त्याचा भाऊ आहे अजून. बिराजदार दुखावला. फ्लेक्सवर यायला नकार देणारा माणूस त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला.
सु.ने शिरा केला. अ.च्या बायकोला, कुलदीपवहिनीला पण बोलावलं. सगळे खूश. मीही खूश होतो, फक्त सगळ्यांपेक्षा थोडा मोठ्याने.

३१ मे, शनि.
एक कागद उरलाय. परदेशी माणूस जिल्हा बदलतो तर हमीदाराचं नवीन पत्र लागतं, तो कुठं जातोय, काय करणार, माझी जबाबदारी कायम. एक पान. पत्र इथल्या पोलीस कार्यालयात दिल्यावर त्यांचा शेरा होतो, मग जाता येतं. टाईप करून सही करून बॅगेत ठेवलं. सोमवारी जाऊन देतो.
संध्याकाळी बिराजदारचा परत फोन. "त्याच्या कागदांचं काही अडकलं तर तूच ये रे. बॅच थांबवता येत नाही. पोरं करतील सवय."
पोरं करतील सवय. अठरा वर्षांत मला मिळालेली ही पहिली ऑफर.

२ जून, सोम.
कार्यालयापर्यंत गेलो. समोर रसवंती आहे, तिथं बसलो. दोन ग्लास झाले. ऊन फार होतं. परत आलो.
अ.ला सांगितलं, साहेब रजेवर आहेत.

४ जून, बुध.
अ. आणि कुलदीपवहिनी घरी. तिने वाळवलेले तूत, म्हणजे आपली तुती, आणले, दिल्लीहून कोणीतरी पाठवलेले. अ.ने एकदाच विचारलं, "सर, साहेब आले?" म्हटलं, अजून न्हाई. "ठीक आहे. आम्हाला थांबायची प्रॅक्टिस आहे," असं म्हणून हसला. वहिनी हसली नाही.
ते गेल्यावर सु.ने बॅगेत रिचार्जची पावती शोधताना पत्र काढलं. उलटं सुलटं करून पाहिलं. तारीख पाहिली.
"साहेब रजेवर हाय म्हणालात ना?"
"हाव."
"साहेब न्हाई, तुम्ही रजेवर हात. माणूस म्हणून." आणि पोळ्या लाटायला गेली. भाजी वाढताना डाव ताटावर आपटला तेवढाच संवाद.

५ जून, गुरु.
दिलं पत्र. खिडकीवरच्या बाईने शिक्का मारला. शेरा कधी होईल? "साहेब बाहेरगावी गेलेत. मंगळवारी या." आज खरोखरच गेलेत.
सोमवारी बॅच. बिराजदारला कळवलं. "मग सोमवारी तू ये. पुढचं पुढं पाहू."
नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. त्यातून हाव निघालं.

७ जून, शनि.
मोईनभाईच्या दुकानात अ.ने मला बसवून घेतलं. मोईनभाई जेवायला गेलेला, दुकानात आम्ही दोघंच. सोमवारचा तास त्याने मला शिकवला. कुठं थांबायचं, प्रश्न टाकून किती वेळ गप्प राहायचं. "तुम्ही उत्तर लवकर देता, सर. पोरांना भूक लागू द्या." सगळं त्याच्या अक्षरात सहा पानं लिहून.
पानं घडी करताना म्हणालो, साहेब वेळेवर असते तर तूच घेतला असतास.
तो मशीनची काच पुसत होता. "साहेब होते, सर. मी रोज जात होतो. बाई म्हणायची, हमीदाराचं पत्र आलं न्हाई."
"मग बोलला का न्हाईस?"
"तुमच्या सहीखाली माझं छप्पर आहे. छपराशी कोण भांडतं?"
रागाने म्हणाला असता तर मला उलट बोलता आलं असतं. तोंडात पंधरा वाक्यं तयार होती. सदर लिहिणाऱ्याकडं असतातच.
"मग ही पानं कशाला देतो मला?"
"तास माझा आहे. खराब झाला तर पोरांचं मन उतरेल." आणि मग, "एका माणसाला तरी मी हेवा करण्याजोगा वाटलो, सर. इथं सगळे मला बिचारा म्हणतात."
मोईनभाई आला. एका प्रश्नपत्रिकेच्या तीनशे प्रती काढायच्या होत्या.

९ जून, सोम.
घेतला तास. त्याच्या पानांवरून, त्याच्या थांबण्यावरून. प्रश्न टाकला आणि गप्प राहिलो. घामाघूम झालो, पण राहिलो. पोरं बोलायला लागली. शेवटी तिघी-चौघी फळ्यापर्यंत भांडत आल्या. असा तास माझ्या हातून कधी झाला नव्हता आणि तो माझा नव्हता.
बिराजदार चिठ्ठ्या हातात नाचवत, "लेका, इतकी वर्षं कुठं होतास? राहा आता तूच. त्याला पुढच्या बॅचला पाहू. कागदाची कटकट न्हाई तुझ्या मागं."
तास त्याचाच होता, हे सांगायला पाहिजे होतं. म्हटलं, उद्या सांगतो.
अ.चा फोन आला होता. "कसा झाला?" बरा झाला म्हणालो. तो बराच वेळ हसला, खरं हसला. त्यानेच शिकवलेला तास त्याला ऐकायचा होता, मिनिटामिनिटाने. सगळा सांगितला. बिराजदारचं वाक्य सोडून.

१० जून, मंगळ.
सकाळी शेरा मिळाला. अ. बरोबर होता, बॅग घेऊनच आलेला, इस्त्रीचा शर्ट. थेट लातूरच्या गाडीत. दुपारचा तास आहे.
अहमदपूर. गाडी थांबलीय, तेवढ्यात लिहितो. तो चहा आणायला उतरलाय. बिराजदारचा मेसेज: आज कोण घेतंय, नाव पाठव, बोर्डावर लिहायचंय. त्याचं नाव टाईप केलं, पुसलं. माझं केलं, पुसलं.
खिडकीतून दिसतोय. टपरीवाल्याशी काय बोलतोय कोण जाणे, तो माणूस पोट धरून हसतोय. मी या टपरीवर कितीतरी वेळा चहा प्यालोय, माझ्याकडं मान वर करून पाहिलं नाही त्याने.
कंडक्टरने घंटी दिली. ओरडलो, "थांबा, माझा माणूस खाली आहे." थांबली गाडी. कंडक्टर मला बोलला काहीतरी, बोलू दे.
येतोय, दोन्ही हातात कप सांभाळत. मेसेज अजून तसाच, नावाविना.