ह्यांचा हात आणि सात दिवसांची ट्रायल

रवि. ९ नोव्हें.
तन्वी सकाळीच बोरिवलीहून आली, जावयांना घरी ठेवून. माझ्या कॉम्प्युटरवर नवं एडिटिंग सॉफ्टवेअर टाकून गेली. सात दिवस फुकट, पुढे दरवर्षी पैसे. "आई, प्रोफेशनल आहे हे. तुझं ते जुनं म्हणजे म्युझियम आहे गं." असू दे. त्याच म्युझियमवर लग्नाचे व्हिडिओ कापून-जोडून मी गोरेगावातल्या किती लेकी सासरी पाठवल्यात.
ह्यांचं नेहमीचं वाक्य आलंच. "शूटिंग नीट असलं की एडिटिंगला काय लागतं? कात्री."
लेकीला मीच सांगितलं होतं टाकायला, हे ह्यांना माहीत नाही.

सोम. १०
कारण इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार. ह्यांचा हात थरथरतो. गणपतीनंतर जास्तच. बशीतला चहा सांडतो, तर कॅमेऱ्यात दिसणारच. गेल्या चार ऑर्डरींत हललेले शॉट कापतेय, मध्ये फोटो घुसवतेय, नाहीतर वरून गुलाबाच्या पाकळ्या पाडतेय. पूर्वी लोक पाकळ्या मागून घ्यायचे. आता जोगेश्वरीच्या साखरपुड्याची मुलगी फोनवर म्हणते, "काकू, एवढ्या पाकळ्या कशाला?" काय सांगू तिला?
डॉक्टरकडे चला म्हटलं की, "मला काय धाड भरलीय?"
नव्यात एक बटण आहे. हललेलं चित्र स्थिर करतं. मला त्यातलं तेवढंच हवंय, बाकी कायपण असो.

बुध. १२
हे बॅगेचा पट्टा शिवून आणायला स्टेशनकडे गेले. तेवढ्यात दुपारी बटण दाबलं. जोगेश्वरीचा, अंगठी घालतानाचा शॉट. मुलीचं बोट, अंगठी, मागे तिची आई, सगळं कसं शांत. फार छान झालं आणि मला रडू आलं.
मग हौस म्हणून मंदाच्या, माझ्या धाकट्या बहिणीच्या, लग्नाची कॅसेट मागे कॉम्प्युटरवर घेतली होती, ती उघडली. आमचं अगदी सुरुवातीचं काम. तेव्हा कसला कॉम्प्युटर! दोन व्हीसीआर शेजारी शेजारी. एकावर मी प्ले, दुसऱ्यावर हे रेकॉर्ड. एक, दोन, तीन म्हणायचं आणि दोघांनी एकदम बटण दाबायचं. जरा मागेपुढे झालं की पुन्हा. माझं चुकलं तर माझं चुकलं, ह्यांचं चुकलं तर मशीन खराब! तन्वी पाळण्यात, एकच खोली, आणि मंगलाष्टकं इतक्यांदा वाजायची की शेजारच्या सावंतवहिनी दारातून विचारायच्या, "आज कितव्यांदा लावतेस गं लग्न?" पैसा नव्हता, जागा नव्हती. पण तितकं हसणं पुन्हा झालं नाही. फार आठवतात ते दिवस.
मंदाच्या पाठवणीत चित्र हलतं. तेव्हा ह्यांचा हात म्हणजे भिंत. पण हे रडत होते. मंदाला कॉलेजचा फॉर्म भरायलासुद्धा हेच घेऊन गेलेले. बटण दाबलं तर तेही सगळं शांत झालं, कोणी परक्याने काढल्यासारखं. लगेच होतं तसं करून टाकलं.

गुरु. १३
फजिती. अंगठीचा शॉट चालू होता आणि हे मागे येऊन उभे.
"हे मी काढलं?"
"मग कोणी?"
"झकास आलंय की! आणि म्हणे डॉक्टर. बघ, हाताला काय झालंय माझ्या?"
खूश होऊन स्वतः चहा टाकला. मी खोटं बोलले नाही, खरंही बोलले नाही.

शनि. १५
आज ट्रायल संपतेय. सकाळी मुलुंडहून फोन. ज्यांचं लग्न आम्ही व्हीसीआरवर एडिट केलं, त्यांच्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात. "काकांनीच काढायचं, दुसरं कोणी नको." उद्या दहाला कळवतो म्हटलं.
फोन ठेवला तर हे कॅमेरा हातात घेऊन समोर बसलेले. छोट्या स्क्रीनवर तोच अंगठीचा शॉट, मूळचा. हलणारा.
"कार्डातलं मी परवाच बघितलं," म्हणाले. "माका काय कळणा नाय?" मालवणी आली म्हणजे मनाला लागलंय.
मी म्हटलं, "अहो, सॉफ्टवेअर घेते. सगळं नीट होतं त्यात."
"चित्र नीट होतं गं."
खालून भाजीवाला ओरडत गेला, मला कोथिंबीर घ्यायची होती, राहिली.
शेवटी म्हणाले, "तूच सांग. मुलुंडचं मी काढू का?"
एवढ्या वर्षांत ह्यांनी मला कधी लाइट विचारला नाही, अँगल विचारला नाही. आज हे विचारलं. पैसे भरायचं पान उघडून बसलेय. हे अजून समोरच आहेत. मुलुंडला उद्या दहाला कळवायचंय.