भरलेला लोटा

।। श्री एकवीरा आई प्रसन्न ।।

अंबरनाथ,
ता. ३ नोव्हेंबर २००३

चि. हरिचंद्र यास जनीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

भाऊबीज होऊन आठ दिवस झाले. मी पाट मांडला, डाव्या हातानं रांगोळीचे चार ठिपके टाकले, ताट भरलं आणि तू काय आला नायस. शेवटी खिडकीतनं चंद्राला ओवाळलं. तो तुझ्यापेक्षा दिसायला बरा हाय. ओवाळणी तो पण घालत नाय, म्हणजे तिथं दोघं सारखेच.

फोन करणार होते. पण कंपनीच्या मशीननं तुझे कान खाल्ले, तू नुसता हॅलो हॅलो करत बसतोस आणि इकडं माझं बिल चढतं. म्हणून चौथी शिकलेल्या बाईला टपाल लिहावं लागतंय. हसू नको अक्षराला.

मला लकवा मारून नऊ महिने होतील. मंगळ, गुरू, शनी कॅम्प पाच वस्तीत ट्रस्टच्या व्यायामाच्या सेंटरला जाते. फुकट हाय, पण रिक्षानं हाडं मोजून होतात, मंग गल्ली, मंग पाच पायऱ्या. पायऱ्या चढले की वाटतं झाला आजचा व्यायाम, फिरावं माघारी. रोज तेच. भिंतीच्या फळीवरच्या खाचांत बोटं चढवायची. दोन दांड्यांच्या मधनं चालायचं. वाल एका वाटीतनं दुसऱ्या वाटीत टाकायचे. हजारो वाल उचलले असतील मी, पण एकदाही त्यांचं बिरडं झालं नाय. जाम कंटाळा येतो रे.

आता एक सांगते ते पोटात ठेव. माझा हात सुधारलाय. गेल्या शनिवारी आमची व्यायामवाली प्रीतीताई आत गेली तवा मी रखमाबाईचा अंबाडा बांधून दिला, दोन्ही हातांनी, वर पिना खोचून. ताई आली तसा हात परत मांडीवर, मेलेल्या माशासारखा. कारण तिथं नियम असा की धरल्या, म्हणजे लकव्याच्या, हातानं भरलेला लोटा उचलून पाणी प्यायलं, आणि काठीशिवाय पडवीच्या टोकापर्यंत चाललं, की सुट्टी. जागा दुसऱ्याला. मंग मी काय करू? धर्मेश आणि सून सकाळी साताला बाहेर पडतात ते रात्री आठाला येतात. घरात मी आणि टीव्ही. त्याला शिव्या दिल्या तर तो उलट पण बोलत नाय. सेंटरला निदान रखमाबाई हाय, ती कॅम्प पाचचीच, माझ्यासारखी बिननवऱ्याची, पायानं लुळी पडलेली. एक सिंधी अम्मा पापड आणते. दमायचंच हाय तर चार बायकांत दमावं.

विठाला सांग, नवऱ्याला धाक नाय तुझा. भाविकाला गालावर पापा.

तुझ्यावर रुसलेली पण वाट बघणारी,
जनीताई

~

सोनिवली,
ता. १४ नोव्हेंबर २००३

ती. जनीताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर भाविकाचं आहे, सांगणारा मी. भात कापताना उजव्या अंगठ्याला विळा लागला, म्हणून पेन धरता येत नाही. भाऊबीजेला पण त्याच्यामुळेच आलो नाही. रागावू नये.

कापणी उरकली. शेजारच्या बबनने मदत केली. इकडे आमच्या शेताच्या पलीकडे नवीन बिल्डिंग उठते आहे, दिवसभर धूळ. बाकी ठीक.

सहज विचारतो. तुला पहिल्या महिन्यात तिथे काय काय करायला लावलं? बिछान्यातून उठताना कोणत्या कुशीवर वळायचं? हात नुसता पडून राहिला तर खाली उशी घ्यायची की नको? पाय टेकवताना गुडघा मागे जातो त्याला काय करतात? सविस्तर लिही. इथे गावात एकाला झालं आहे, त्याला सांगायचं आहे.

तू लिहिलेली अंबाड्याची गोष्ट वाचून हसू आलं. कोणाला सांगणार नाही.

मोठ्या बहिणीची माया राहू दे.
तुझा हरिचंद्र

~

अंबरनाथ,
ता. १ डिसेंबर २००३

चि. हरिचंद्रास अनेक आशीर्वाद. वि. वि.

अरे, विळा उजव्या हातात धरतात, मंग उजवा अंगठा कसा कापला? चाळीस वर्षं भात कापतोस आणि अजून विळा कुठल्या हातात ते ठरलं नाय? बाबा असते तर बांधावर उभं करून मारलं असतं.

डॉक्टरकी करायला निघालास ते बरं केलंस. लिहून घे. उठताना धरल्या कुशीवर वळायचं, मंग चांगल्या हाताचा जोर देऊन बसायचं. हाताखाली उशी पाहिजेच, नायतर खांदा निखळतो. कुणी हाताला धरून ओढू नये, आमच्या सुनेनं ओढला तवा मी कल्याणपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडले. गुडघ्याचं मात्र बघितल्याशिवाय सांगता येत नाय, ते ताईच बसून शिकवते. त्या माणसाला सेंटरला पाठव. पण जागा नाय म्हणतात. किती जण थांबलेत म्हणे वहीत. थांबू देत, त्यांचं काय जातंय.

परवा परत लोट्याची परीक्षा झाली. मी लोटा अर्धा उचलला आणि सोडून दिला. सगळं पाणी ताईच्या चपलेवर. ती खाली बसून फडक्यानं पुसत राहिली. सव्वीस वर्षांची पोर, पण त्या दिवशी माझ्याहून म्हातारी दिसली. पुसता पुसता एवढंच म्हणाली, “मावशी, पहिले तीन-चार महिने खरे असतात. नंतर हात हट्टी होतो.” मला वाटलं माझ्याच हाताला बोलतेय.

घरी आले तवा अंगात काय जीव नव्हता. खोटं वागायला पण ताकद लागते रे, खऱ्या व्यायामापेक्षा जास्त.

अंगठा बरा झाला की स्वतः लिही. भाविकाच्या अक्षरात तू जास्तच शहाणा वाटतोस.

तुझी खोडकर म्हातारी,
जनीताई

~

सोनिवली,
ता. ११ डिसेंबर २००३

ती. आत्यास भाविकाचा सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे.

आत्या, गावात ज्याला झालं आहे ते बाबाच. दसऱ्याच्या दिवशी सकाळी झेंडूची माळ बांधताना हातातून दोरा सुटला आणि ते तिथेच बसले. उजवी बाजू गेली. दहा दिवस हॉस्पिटलला होते. तुला कळवायचं नाही म्हणून शपथ घातली होती, जनीला धसका बसेल बोलले. विळ्याचं मीच सुचवलं. मला काय माहीत विळा कुठल्या हातात धरतात.

तू लिहिलेलं सगळं आम्ही करतो. उशी ठेवतो, त्या कुशीवर वळवतो. पण आईला एकटीला उठवत नाही, आणि पाय टेकला की गुडघा मागे जातोच. तेल लावणारा येतो, तो फक्त तेल लावतो. मी गेल्या महिन्यात कॉलेजमधून तुझ्या सेंटरला जाऊन बाबांचं नाव टाकून आले. सोमवार होता, तू नव्हतीस. वहीत त्यांचा दुसरा नंबर आहे. पहिला अंबरनाथच्या कोणी बुधाजींचा. काल परत फोन केला. दोन महिन्यांत कोणालाच सुट्टी झाली नाही म्हणाले.

तुझं अंबाड्याचं पत्र बाबांनी दोनदा वाचलं. हसले. अर्धंच तोंड हसलं. मग पत्र उशीखाली ठेवलं आणि मला बोलले, “जनीची जागा कोणी मागायची नाही. तिला तिथे बरं वाटतं.”

मी पण मागत नाही, आत्या. फक्त आता दोन महिने झाले, आणि ताई बोलली ते तीन-चार महिन्यांचं तूच लिहिलं होतंस. मला ते सारखं आठवतं.

चुकलं असेल तर कान धर, पण माया कमी करू नको.
भाविका

~

अंबरनाथ,
ता. २१ डिसेंबर २००३

चि. हरिचंद्रास जनीताईचे आशीर्वाद. वि. वि.

पोरीला रागावलास तर माझ्याशी गाठ हाय.

विळ्याचं खोटं मला तवाच कळायला पाहिजे होतं. मी हसत बसले. आणि वर लिहिलं, थांबू देत, त्यांचं काय जातंय. हे तू बिछान्यात पडून वाचलंस. ते पान फाडून टाक.

मंगळवारी गेले ती सरळ टेबलापाशी. लोटा काठोकाठ भरला, उजव्या हातानं उचलला आणि तोंडाला न लावता वरनं धार धरून प्यायले. एक थेंब सांडला नाय. मंग काठी ताईच्या हातात देऊन पडवीच्या टोकाला जाऊन आले. मला वाटलं ती चिडेल. ती बोलली, “मावशी, मला दीड महिन्यापासून माहीत आहे. अंबाडा दिसत होता मला.” मी विचारलं, मंग गप का राहिलीस? तर बोलली, घरी तुमचे काय हाल आहेत ते तुम्हीच सांगितलेलं, आणि रोज इतक्या जणांना नाही म्हणून मी पण थकले, तुमच्याशी भांडायला जोरच उरला नव्हता. वहीवर माझ्या नावापुढं सुट्टी लिहिताना तिनं नाक पुसलं. तिला सर्दी होती म्हणे.

माझ्या जागेवर बुधाजी आला. धडधाकट होता म्हणे, आता बायको मुंडी धरून पाणी पाजते. त्याला बघून मला तिथं उभं राहवेना.

पण तुझा नंबर अजून आला नव्हता. आता अवघड सांगते. तुझ्या ताईचं एकटीचं पाप नव्हतं ते. रखमाबाई पण दिवाळीपासनं काठीशिवाय चालते, मी बघितलंय संडासाला जाताना. मी गुरुवारी सेंटर सुटल्यावर तिच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. ती बोलली, तुला भाऊ हाय म्हणून तू उदार झालीस, मला कोण हाय? चहा पण दिला नाय. खरंच बोलली ती. परत येताना रिक्षात मला वाटलं, आपण चोरी केली ती केली, आता दुसरीच्या तोंडचा घास पण काढतोय.

काल शनिवारी मी उगाच सेंटरच्या पायरीवर जाऊन बसले. रखमाबाईनं माझ्याकडं बघितलं नाय. काठी भिंतीला टेकवली आणि चालत गेली, टोकापर्यंत, परत. मंग बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली, चप्पल घालायला खूप वेळ लावला आणि विचारलं, “जने, आता मी मंगळवारी काय करू?”

तवा माझ्या टाळक्यात आलं. तिथं प्रत्येक पेशंटबरोबर एक माणूस लागतं, दांड्यांच्या मधनं धरायला, वाल सांडले तर वेचायला. मी तिला बोलले, माझा भाऊ जाम जड हाय, माझ्या एका बऱ्या आणि एका अर्ध्या हाताला झेपणार नाय. तुझा पाय नवा, माझा हात नवा, दोघींचं मिळून एक माणूस होईल. तिनं विचारलं, रागीट हाय का? मी सांगितलं, बहिरा हाय, तू काय पण बोल. तवा कुठं हसली.

रखमाबाईची जागा मोकळी झाली, म्हणून येत्या शनिवारी, २७ तारखेला, तुझी पहिली पाळी. शुक्रवारी धर्मेश गाडी घेऊन येईल. तीन महिने माझ्याकडंच राहायचं. बायका माहेरपणाला भावाकडं जातात, तू बहिणीकडं ये. तळमजला हाय, पायऱ्या नायत. टीव्हीचा आवाज कितीपण मोठा कर. वाल मी निवडून ठेवलेत, आधी तू वाटीतनं वाटीत टाकायचेस, मंग मी भिजवीन. या वेळी बिरडं झालंच पाहिजे.

नको म्हणालास तर मी लोट्यासकट सोनिवलीला येईन.

दमलेली पण अजून जिभेनं धड असलेली,
जनीताई

~

सोनिवली,
ता. २४ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

हे मी लिहिलं. डाव्या हातानं. दोन दिवस लागले.

येतो. पाट मांड. ओवाळणी आणतो.

चंद्राला सुट्टी दे.

तुझा
हरी