जीन्सवर जरा बरं काहीतरी

४ नोव्हेंबर, मंगळवार. दुपार. मामाच्या लाँड्रीत बसलोय, गिऱ्हाईक नाही.
आजपासून रोजनिशी. कारण आयुष्याला वळण लागलंय. सकाळी तिचा मेसेज आला. मी कॉलेज सोडून चौदा महिने झाले, तरी विसरली नाही! शनिवारी संध्याकाळी सगळे तिच्या नव्या घरी, गच्चीवर. "जीन्सच घाला, पण वर जरा बरं काहीतरी!"
मेसेज ग्रुपवर होता. ग्रुपमध्ये तेवीस जण. पण 'जरा बरं' हे फक्त मला. कॉलेजात दीड वर्ष एकच टी-शर्ट मीच घालत होतो, बाकीचे बावीस नव्हे.
निश्चय : शनिवारी तिला सांगून टाकायचं. आता नाही तर कधीच नाही. तिच्या ऑफिसातला कुणी दाढीवाला तिला रोज स्कूटरवरून घरी सोडतो म्हणे. सोडू दे. ड्रायव्हर तो ड्रायव्हरच.

५ नोव्हेंबर, बुधवार
कपाट उपसलं. पाच शर्ट, पाचही गबाळे. आई म्हणाली, निळ्या चौकड्यांचा घाल की, गुणी दिसतोस. गुणी! मी भडकलो. ती शांतपणे म्हणाली, कॉलेजही असंच भडकून सोडलंस. सर "दार उघडं आहे" म्हणाले ते वाऱ्यासाठी, तुला निघून जा म्हणून नव्हे, हे तुला अजून पटत नाही.
जेवलो नाही.
नंतर जेवलो.

६ नोव्हेंबर, गुरुवार
सापडला! मामाच्या लाँड्रीत, शेवटच्या दांडीवर. काळा मखमली कोट. वकीलसाहेबांनी चार महिन्यांपूर्वी ड्रायक्लीनला टाकलेला, तो न्यायलाच आले नाहीत. मामा बँकेत गेला तसा अंगात घालून पाहिला. बेतून शिवल्यासारखा!
मामाचा नियम माहीत आहे. "गिऱ्हाईकाचा कपडा म्हणजे गिऱ्हाईकाची कातडी. अंगाला लावलास तर त्याच दिवशी घरी." पण चार महिने कुणी विचारत नाही तो कोट पोरका. मी त्याला एका संध्याकाळपुरता आधार देतोय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
कोट एवढा भारी, मग खाली मऊ, लोंबती जीन्स कशी चालेल? स्टार्चमध्ये बुडवली. दोनदा. मग पुढे मागे सुरीसारखी घडी पाडली. इस्त्रीवाले काका बघत होते. म्हणाले, अरे, पँट आहे ती, फळी नव्हे. मी म्हणालो, काका, फॅशन तुमचा प्रांत नाही. ते म्हणाले, खरंय बाबा, मला आपलं बसायला लागतं.
खवचट म्हातारा.

८ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ५.४०
जीन्स आधाराशिवाय उभी राहते. घालायला अकरा मिनिटं लागली.
वाक्य पाठ केलंय : "मी बदललोय. तूही विचार बदल." खणखणीत आहे. निघतो.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळ
जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.
बसमध्ये जागा होती. बसलो नाही. बसता येत नव्हतं असं नाही, घडी मोडली असती. गच्चीवर बैठक भारतीय, गाद्या घातलेल्या. सगळे खाली बसलेले. मी एकटा उभा. तिने जीन्सवर मोतिया रंगाचा रेशमी टॉप घातला होता. काय सांगू!
ती म्हणाली, बस ना. मी म्हणालो, उभाच बरा. तिने दोनदा सांगून पाहिलं, मग म्हणाली, उभाच आहेस तर एवढा ट्रे फिरव. फिरवला. चार वेळा. कुणीतरी मला "भाऊ, पाणी" म्हणालं.
मग तिने कॉलरमागे बघून विचारलं, हे ४१७ काय? लाँड्रीचा बिल्ला काढायचा राहिला होता. मी म्हणालो, लिमिटेड एडिशन. ती हसली. मनापासून हसली!
वाक्य बोलणार, इतक्यात तिच्या शेजारी बसलेल्या ऑफिसातल्या दाढीवाल्याने डाळिंबाचा रस तिच्या टॉपवर सांडला. वर तो गाढव रुमालाने घासायला लागला. घासायला! रेशमावर! मी ओरडलो, "हात काढ! घासू नकोस, टिपून घे!" मी गार पाणी मागवलं, उलट्या बाजूने डाग टिपला. निम्मा गेला. ती कुडकुडायला लागली, तेव्हा कोट काढून तिच्या खांद्यांवर घातला. ती म्हणाली, तू होतास म्हणून रे!
वाक्य राहिलं. पण गरज काय? कोट तिच्याकडे आहे. मुलगी कुणाचाही कोट ठेवून घेत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.१५
वकीलसाहेबांचा फोन. चार महिने झोपले होते, आज जाग आली. उद्या कोट न्यायला येतात.
९.२०. तिला मेसेज केला : कोट हवाय, घाई नाही.
९.२१. घाई आहे.
दुपारी १. उत्तर : "उद्या दुकानावरच आणून देते. सरप्राइज आहे!"
मेसेज तीनदा वाचला. सरप्राइज प्रेमाचंच असणार.

११ नोव्हेंबर, मंगळवार
ती आली. पिशवीतून कोट काढला. म्हणाली, तू एवढं केलंस, म्हणून मी स्वतः मशीनमध्ये धुतला. गरम पाण्यात. कडक उन्हात वाळवला.
मखमलीला टक्कल पडलंय. बाह्या कोपरापर्यंत आल्यात. मी म्हणालो, छान झालाय.
मग तिने टॉप पुढे केला. डाग पूर्ण काढ हं, शनिवारी त्याच्या आईवडिलांना भेटायचंय. साधंच आहे, जीन्सवर हाच घालणार. पावती कुणाच्या नावाने, मी विचारलं. तिने दाढीवाल्याचं नाव सांगितलं. शनिवारी सकाळी स्कूटरवरून तोच येऊन घेऊन जाईल.
ती पायऱ्या उतरली आणि वकीलसाहेब चढले.
पुढचं लिहीत नाही. इस्त्रीवाले काका तेवढे मामाला म्हणाले, पोराला जरा बसू द्या. मी म्हणालो, उभाच बरा.
टॉपचा डाग मी काढला. पूर्ण. मग मामाला म्हणालो, शनिवारी ती स्कूटर येईल, मला सुट्टी हवी. मामा म्हणाला, रविवारीही घे. सोमवारीही. आता येऊच नकोस.
घरी आलो. आईने निळ्या चौकड्यांचा शर्ट धुऊन ठेवलाय.
जीन्स अजून कोपऱ्यात उभी आहे. माझ्याशिवाय.